बावीस, एकतीस, अठरा, चाळीस

१

घरात कुठलंही यंत्र आलं की शून्यसाहेब आधी त्याचं शून्य बघत. वजनकाटा आणला, तर त्यावर कुणी पाय ठेवण्याआधी तो रिकामा असताना काय दाखवतो ते वहीत लिहायचं. थर्मामीटर आणला, तर आधी बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत त्यांची चौतीस वर्षं गेली होती. तिथे त्यांना डॉक्टरेट मिळाली, तीन माणसांनीही वाचला नसेल असा एक जाडजूड ग्रंथ त्यांनी लिहिला, आणि हे टोपणनाव त्यांना कायमचं चिकटलं. हाताखालच्या लोकांना ते सांगत, "काहीच ठेवलेलं नसताना यंत्र काय म्हणतं हे ज्याला माहीत नाही, त्याने त्यावर काही ठेवूच नये." हाताखालचे लोक मान डोलवत आणि पाठ वळली की हसत.

एवढा काटेकोर माणूस, पण स्वतःवर मात्र त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. कुलूप लावून जिना उतरले की परत वर जाऊन कुलूप ओढून बघत. बायको म्हणे, "कुलपाला आता तुमची सवय झालीय. तुम्ही परत आल्याशिवाय ते नीट लागतच नाही."

तर असे शून्यसाहेब वयाच्या बहात्तराव्या वर्षी डॉक्टरांसमोर बसले होते. एक अख्खी रात्र स्लीप लॅबमध्ये अंगभर वायरी लावून झोपून झाले होते, आणि त्याचा अहवाल टेबलावर होता.

"तासाला एक्केचाळीस वेळा श्वास थांबतो," डॉक्टर म्हणाले.

"कुणाचा?" बायकोने विचारलं.

"यांचा."

"छे हो. घोरतात म्हणाल तर शेजारचे येऊन साक्ष देतील. पण श्वास थांबत नाही. मी शेजारी असते ना! एकोणचाळीस वर्षं झाली."

डॉक्टर समजूतदारपणे हसले. "घरच्यांच्या लक्षात येत नाही. बघा, दहा सेकंद, वीस, कधी चाळीस. प्रत्येक वेळी हृदयावर ताण. एखाद्या वेळी थांबलेला श्वास पुन्हा सुरू झालाच नाही, तर?" ते शून्यसाहेबांकडे वळले. "सीपॅप मशीन लावायचं. नाकावर मास्क, त्यातून हवेचा दाब, गळा उघडा राहतो. तीन मशीनं दहा-दहा दिवस वापरून बघा आणि मानवेल ते ठेवून घ्या."

बायको जिना उतरताना पुटपुटली, "थांबत नाही. मला काय ऐकू येत नाही का?"

२

पहिलं मशीन राखाडी, गुळगुळीत, आवाज जवळजवळ नाहीच. मास्क बसवून द्यायला आलेल्या बाईंनी ते बिछान्याशेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि श्वासागणिक दाब कमीजास्त कसा होतो, कार्डावर क्षणाक्षणाची नोंद कशी होते, ते सगळं समजावलं. बायकोने मशीनचं नाव 'जावई' ठेवलं. "गप्प बसतो, चकचकीत आहे, आणि उठताबसता काळजी घ्यावी लागते."

मास्कवाल्या बाई गेल्यावर शून्यसाहेब नाकाला मास्क लावतील, ही अपेक्षाच चूक होती. आधी शून्य. रिकामा मास्क ठेवला तर हवा सगळीकडून निसटणार आणि मशीन आपोआप बंद पडणार. मास्क कशावर तरी घट्ट बसायला हवा, चेहऱ्यासारखा गोल, पण श्वास न घेणाऱ्या कशावर तरी. त्यांनी घरभर नजर फिरवली आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेला पृथ्वीचा गोल कपाटावरून उतरवला. त्यावर डोंगर उंचावून दाखवले होते, तिथून हवा गळे. म्हणून मास्क महासागरावर बसवला आणि पट्टे मागून आवळले.

उशीवर मास्क लावून निजलेली पृथ्वी बघून बायको दारातच थबकली.

"हिलाही घोरायची सवय आहे वाटतं?"

"शून्य बघतोय."

"बघा. आणि पांघरूण घाला, गारठेल बिचारी."

दुपारचे दोन वाजले होते. त्यांनी मशीन चालू केलं, खोलीचं दार लावून घेतलं आणि बाहेर वाचत बसले. बायको समोर पेपर घेऊन होती. दीड तास कुणी खोलीत गेलं नाही. साडेतीनला त्यांनी कार्ड काढून लॅपटॉपमध्ये घातलं.

आडवी सरळ रेघ दिसायला हवी होती. दीड तासाचा एकच एक न घेतलेला श्वास.

रेघ होती. पण मधूनमधून ती हलत होती. पाचसहा लहान लाटा, मग सपाट. परत काही लाटा, मग सपाट. अशा लाटा म्हणजे काय ते मशीनसोबतच्या माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर दाखवलेलं होतं. श्वास आत, श्वास बाहेर.

शून्यसाहेबांनी कार्ड काढून परत घालून बघितलं. मग वहीत लिहिलं, 'वीजपुरवठ्यात चढउतार. दुर्लक्ष करण्याजोगे.' प्रयोगशाळेत असं वाक्य कुणी लिहिलं असतं तर त्यांनी त्याला उभा-आडवा घेतला असता.

३

जावयाने मात्र कमाल केली. पहिल्याच सकाळी आकडा आला, तासाला शून्य पूर्णांक सहा. एक्केचाळीसवरून एकदम इथे. शून्यसाहेबांचं डोकं इतकं हलकं झालं होतं की ते स्वतःच्या वरच्या मजल्यावर कुणी राहतच नसल्यासारखे वावरत होते. तीन वर्षं अडलेलं शब्दकोडं त्यांनी चहा निवायच्या आत सोडवलं. फिरायला गेले तर बाकावर न टेकता परतले.

बायकोला आनंद झाला. झाला असणारच. पण चौथ्या दिवशी सकाळी तिने साखरेच्या डब्यात मीठ ओतलं. पाचव्या दिवशी फोनवर मुलीशी बोलता बोलता तिचा डोळा लागला. मुलगी पलीकडून "आई, आई" करत राहिली.

"डोकं दुखतंय सकाळपासून," ती म्हणाली. "झोप होते, पण झोपल्यासारखं वाटत नाही."

हे वाक्य शून्यसाहेबांच्या ओळखीचं होतं. चार महिन्यांपूर्वी त्यांनीच ते डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं होतं.

"मशीनच्या आवाजाने होत असेल."

"आवाज कुठे आहे त्याला? तोच तर त्रास आहे. फार शांत झालंय."

४

दुसरं मशीन बुटकं आणि पांढरं, आणि त्याला गुण द्यायची खोड होती. सकाळी डोळे उघडले की पडद्यावर 'शाब्बास! ९८ गुण!' बायकोने लगेच बारसं केलं, 'मास्तर'.

मास्तरचंही शून्य बघणं आलंच. कंपनी वेगळी, आतली रचना वेगळी, म्हणजे पहिल्या मशीनचा दोष असेल तर इथे दिसणार नाही. या वेळी त्यांनी विजेचा स्थिर पुरवठा करणारा डबा मधे जोडला. खिडक्या लावल्या. स्टुलाखाली जाड रबर घातलं, म्हणजे कपडे धुण्याच्या मशीनचा हादरा नको. पृथ्वी उशीवर ठेवली, मास्क महासागरावर बसवला, दोन वाजता चालू केलं. साडेतीनला बंद.

लाटा होत्याच.

आता दुर्लक्ष करण्याची सोय उरली नव्हती. त्यांनी जुनी सवय वापरली. जे समजत नाही ते निदान मोजावं. लाटांचा पहिला झुबका किती सेकंदांचा? बावीस. दुसरा एकतीस. तिसरा अठरा. चौथा चाळीस. मग सत्तावीस, एकोणीस, तेहेतीस. जावयाचं जुनं कार्ड घातलं. बावीस, एकतीस, अठरा, चाळीस.

हे आकडे कुठेतरी वाचले होते.

ती आठवण यायला त्यांना संध्याकाळ लागली, आणि आली तेव्हा ते आंघोळीच्या टॉवेलनिशी उभे होते. तसेच ओल्या पायांनी कपाटाशी गेले. स्लीप लॅबच्या अहवालाचं तिसरं पान. रुग्णाचा श्वास थांबल्याच्या नोंदी, क्रमाने, सेकंदांत.

बावीस. एकतीस. अठरा. चाळीस.

ते पलंगाच्या कडेला बसले. त्या रात्री लॅबमध्ये त्यांचा श्वास जितका वेळ थांबला होता, तितकाच वेळ इथे कुणीतरी श्वास घेत होतं. त्याच क्रमाने, पाठ केल्यासारखं.

समोर उशीवर पृथ्वी मास्क लावून पडली होती. त्यांनी तिचा मास्क काढला, आतून बोट फिरवलं, आणि बोट उजेडात धरलं. रबर आतून दमट होतं.

५

"अगं, एक विचारू?"

"विचारा की. परवानगी कधीपासून लागायला लागली?"

ती स्वयंपाकघरात ओट्याशी होती. शून्यसाहेबांनी ही वेळ मुद्दाम निवडली होती. ती पाठमोरी असताना विचारणं त्यांना सोपं जाई. लग्नाचंही त्यांनी तिला असंच विचारलं होतं, ती ग्रंथालयाच्या पायऱ्या उतरत असताना, मागून.

"डॉक्टरांना तू म्हणालीस, माझा श्वास थांबत नाही. म्हणजे तुला नेमकं काय ऐकू यायचं?"

"नेमकं म्हणजे? घोरणं. पत्र्यावर पोतं ओढल्यासारखं. मग ते संपायचं."

"संपायचं, म्हणजे शांत?"

"शांत कशाला? मग तुमचा दुसरा श्वास लागायचा ना. बारीक. अगदी हलका, तान्ह्या मुलासारखा." ती मान न वळवता बोलत होती. "मग परत पोतं. मग परत बारीक. पोत्याने जाग यायची आणि बारीक श्वासावर झोप लागायची. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला गंमत वाटली होती. म्हटलं, माणूस एक आणि श्वास दोन."

शून्यसाहेबांच्या हातातला पेला ओट्यावर जरा जोरात टेकला.

"आता?"

"आता काय?"

"मशीन लावल्यापासून. बारीक श्वास येतो?"

आता ती वळली. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. ती खरंच आठवून बघत होती.

"तुमच्याकडून नाही येत," ती म्हणाली. मग स्वतःच्याच बोलण्यावर हसली. "असं काय बोलले मी! बघा, झोप नाही झाली की माणूस काहीबाही बरळतं."

६

दुपारी ती खिडकीजवळच्या आरामखुर्चीत पेपर मांडीवर घेऊन बसली आणि दोन मिनिटांत झोपली. शून्यसाहेब समोरच्या खुर्चीत होते. थंडीचे दिवस, खिडकी बंद, बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नंतर काहीच नाही.

तिच्या मांडीवरचा पेपर वरखाली होत होता. मग व्हायचा थांबला.

ते उठले नाहीत. म्हाताऱ्या माणसाला आकडे पाठ असले की तो मोजतानाही तेच मोजतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना स्वतःचा संशय आला, आणि त्या संशयाचा त्या क्षणी आधारही वाटला. म्हणून त्यांनी खिशातलं जुनं स्टॉपवॉच काढलं, त्याच्या काचेवर कागदाची पट्टी चिकटवली, आणि आकडा न बघता, न मोजता, मनात मुद्दाम पाढे म्हणत, फक्त अंगठ्याने दाबत राहिले. पेपर थांबला की दाबायचं, हलला की दाबायचं. चार वेळा.

तिचा श्वास थांबलेला असताना खोली शांत नव्हती.

आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा त्यांना तो स्वतःच्या नाकाचा वाटला. त्यांनी श्वास रोखला. आवाज चालू राहिला. आत, बाहेर. सावकाश, तृप्त, तान्ह्या मुलासारखा. तो आरामखुर्चीच्या बाजूने येत होता, पण खुर्चीतून नाही. जरा वरून.

त्यांची नजर खिडकीकडे गेली. बंद काचेवर वाफेचा एक डाग होता, लिंबाएवढा. तो मोठा झाला, आक्रसला, परत मोठा झाला. बायकोने एकदम घशातून मोठा श्वास ओढला, पेपर फडफडला, आणि काचेवरचा डाग विरत गेला.

ते उठले. मार्करने त्या जागी काचेवर फुली मारली. मग काचेसमोर सरळ उभे राहिले.

फुली त्यांच्या ओठांच्या बरोबर समोर होती.

त्यांनी स्टॉपवॉचवरची कागदाची पट्टी सोलली. साठवलेल्या चार वेळा एकामागून एक उघडल्या. अहवालातल्या आकड्यांशी दशांशात किंचित फरक होता, अंगठा म्हातारा होता. बाकी काही फरक नव्हता.

७

त्यांनी निष्कर्ष काढला नाही. अपुऱ्या निरीक्षणांवर निष्कर्ष काढणाऱ्यांची त्यांनी आयुष्यभर टिंगल केली होती. त्यांनी तीन रात्री मशीन लावलं नाही. घरात परत पोतं ओढलं जाऊ लागलं, त्यांचं डोकं शिशासारखं जड झालं, छातीत धडधड सुरू झाली. आणि बायको टवटवीत झाली, गुणगुणू लागली, दुपारी खुर्चीत झोपली तर पेपर तासभर एका लयीत हलत राहिला. मग तीन रात्री मशीन लावलं. मास्तरने त्यांना सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्याण्णव गुण दिले. तिसऱ्या दुपारी बायकोचा श्वास बावन्न सेकंद थांबला. तिच्या ओठांवर निळसर छटा आली तेव्हा त्यांनी प्रयोगाची शिस्त सोडून तिला गदागदा हलवलं.

"अहो, काय झालं? आग लागली का?"

"तू लॅबमध्ये तपासून घे. उद्याच्या उद्या."

"मी? दोघंही नळ्या लावून झोपलो तर घरात माणूस कोण उरणार?" तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि तिचा आवाज खाली आला. "एवढे का घाबरलात? मी इथेच आहे."

आणि तिला नळी लावली तर? तिच्याकडेही त्या बारीक श्वासाला जागा उरली नाही तर? शून्यसाहेबांच्या डोळ्यांसमोर मुलगी आली, फोनवर "आई, आई" करणारी. लॅबचा विषय त्यांनी तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी ते एकटेच मास्कवाल्या बाईंच्या दुकानात गेले. तिसरं मशीन काळं, चौकोनी, जुन्या रेडिओएवढं. त्याला श्वासागणिक बदलण्याची अक्कल नव्हती. एकदा दाब ठरवला की तोच.

"हे तुम्हाला दाखवायचं म्हणून दाखवते, सर," बाई म्हणाल्या. "आता कुणी घेत नाही. तुमचे आकडे किती सुरेख आहेत त्या दोन्हींवर! माझ्या गिऱ्हाइकांत पहिला नंबर आहे तुमचा."

"याचा दाब सहावर ठेवला तर?"

"सहावर? तुम्हाला अकरा लागतो. सहावर तासाला सतरा वेळा तरी श्वास थांबेल."

"सतरा चालतील."

"चालतील कसे? सर, हा काय बाजार आहे का, थोडं तुमचं थोडं माझं?"

शून्यसाहेब हसले, पण ते हसू त्यांच्या चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "काठावर पास म्हणा."

"नापास म्हणतात याला. डॉक्टर मला ओरडतील."

"त्यांना सांगा, रुग्ण हट्टी आहे. मला दुसरी दोन्ही मशीनं सोसत नाहीत."

"पण काय सोसत नाही ते तरी सांगा. मास्क टोचतो? घसा सुकतो?"

त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती.

"त्यांत जागा उरत नाही," ते म्हणाले.

बाईंनी फॉर्मवर लिहिलं, 'घुसमटल्यासारखे वाटते', आणि सही घेतली.

८

बायकोने काळ्या मशीनला नाव दिलं नाही. नुसतं म्हणाली, "हे आपल्या वयाचं वाटतं."

मशीन लावलं त्या रात्रीनंतरची दुपार शांत गेली. दुसरी गेली. शून्यसाहेब रोज सकाळी आकडा वहीत लिहीत, सतरा, सतरा, सोळा, सतरा, आणि रोज दुपारी कागद लावलेलं स्टॉपवॉच हातात घेऊन तिच्यासमोर बसत. अंगठ्याला दाबायचं काम पडलं नाही. त्यांचं डोकं दुखे, पण सोसण्याइतकं. छातीत धडधडे, पण ती मोजता येण्याइतकी. साखरेच्या डब्यात साखर होती. त्यांना वाटलं, बसला मेळ. आयुष्यात केलेल्या सगळ्या मोजमापांत हे एक नेमकं झालं. त्यांनी पृथ्वीचा गोल पुसून कपाटावर ठेवला. या मशीनचं शून्य मात्र त्यांनी बघितलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

नवव्या दुपारी गारठा फार होता, म्हणून ती खुर्चीत न बसता पलंगावर येऊन झोपली. शून्यसाहेबही शेजारी आडवे झाले. मास्क लावला, मशीन चालू केलं. जुन्या पंख्यासारखी घरघर सुरू झाली. उजव्या हाताशी तिचा श्वास ऐकू येत होता, एका लयीत. त्यांना पेंग आली.

लय चुकली.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. एक, दोन, तीन. कदाचित ती कूस बदलत असेल. चार, पाच. कदाचित मशीनच्या घरघरीत ऐकू येत नसेल. सहा, सात. आणि मग दोघांच्या मधून, पलंगाच्या ज्या वीतभर जागेत कुणीच नव्हतं तिथून, तो बारीक श्वास आला. पण पूर्वीसारखा तृप्त नव्हता. तोकडा होता, उथळ; कमी वाढलेल्या ताटावर बसलेल्या माणसाने मागे वळून बघावं, तसा.

आठ. नऊ.

सतरा पुरत नव्हते.

शून्यसाहेबांनी हात वर नेला, मास्कचा पट्टा चाचपला, आणि तो अर्धा सेंटिमीटर सैल केला. गालाजवळून हवा फुसफुसत निसटू लागली. त्यांनी मान उशीवर मागे टाकली, गळा सैल सोडला, आणि आयुष्यभर ज्याला झोप म्हणत आले त्यात उतरायला लागले. उतरता उतरता घशात काहीतरी मिटल्यासारखं झालं. छाती वर आलीच नाही. मानेपाशी ऊब लागली, आत, बाहेर.

शेजारी बायकोने खोल श्वास घेतला. मग दुसरा. झोपेतच तिने हात लांबवून त्यांच्या बाजूला थोपटलं, त्यांच्या अंगावर नाही, जरा अलीकडे.

संध्याकाळी ते उठले तेव्हा ती स्वयंपाकघरात गुणगुणत होती. शून्यसाहेबांनी मास्क उजेडात धरला, पेनाने पट्ट्यावर बारीक खूण केली आणि शेजारी तारीख घातली. मग फूटपट्टी आणून खुणेपासून पट्ट्याच्या टोकापर्यंत मोजलं, आणि आकडा वहीत लिहिला.

सैल करायला अजून सहा सेंटिमीटर होते.